पावसाला 'कशासाठी' नाही, जिवाणूला आहे

पाऊस कशासाठी पडतो, असं पाच वर्षांच्या मुलाला विचारून बघा. झाडांना पाणी मिळावं म्हणून, असं उत्तर येईल. डोंगर कशासाठी? चढायला. डेबोरा केलेमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांपुढे टोकदार खडकांबद्दल दोन स्पष्टीकरणं ठेवली होती. एक भौतिक: बारीक कण वर्षानुवर्षं एकावर एक साचत गेले. दुसरं हेतूचं: प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं. मुलांचा कल दुसऱ्याकडे होता. शिकलं की ही खोड जाते असं आपण धरून चालतो. पण २०१३ साली केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या विद्यापीठांतल्या भौतिक विज्ञानाच्या संशोधकांना अशीच विधानं दिली आणि विचाराला मोजून काही सेकंद ठेवले. घाई असली की तेही 'साठी'च्या मोहात जास्त पडले.

'साठी' हे एवढंसं शब्दयोगी अव्यय, पण माणसाच्या मनात ते फार खोल रुतलेलं आहे. मोठेपणी त्याची रूपं बदलतात. घड्याळात ११:११ दिसलं म्हणजे विश्व काहीतरी संकेत देतंय, मनापासून मागितलं की विश्व ते आपल्याकडे पाठवतं, अशा गोष्टी आता कार्यशाळा भरवून, फी घेऊन शिकवल्या जातात. त्यात 'क्वांटम' आणि 'कंपनं' हे शब्द मिठासारखे भुरभुरलेले असतात. क्वांटम भौतिकीत कुणाच्या इच्छेला जागा असलेलं एकही समीकरण नाही, हे इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. दुसऱ्या टोकाला निराश झालेली, बहुधा विज्ञान वाचलेली तरुण मुलं असतात. विश्व १,३८० कोटी वर्षांचं, त्याला हेतू नाही, सूर्य आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी विझणार. मग माझ्या धडपडीला अर्थ काय?

ही दोन्ही माणसं एकमेकांची विरोधक वाटतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. अर्थ असलाच तर तो अख्ख्या विश्वाकडून खाली आला पाहिजे. पहिल्याला तो आल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला आलेला दिसत नाही. हे गृहीतकच चुकीचं आहे. ते किती चुकीचं आहे हे दाखवायला दोन मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीचा एक जीव पुरेसा आहे, आणि तो या क्षणी तुमच्या आतड्यात आहे.

आधी 'साठी' ओळखायची कसोटी ठरवू. नदी समुद्राला मिळते, पण समुद्रासाठी वाहत नाही. याचं कारण सोपं आहे: नदी चुकू शकत नाही. ती वाळवंटात जिरली तरी तिचं काही बिघडलं असं म्हणता येत नाही, ती उताराने गेली एवढंच. पाऊस समुद्रावर पडला म्हणजे 'वाया गेला' असं आपण म्हणतो, पावसाच्या दृष्टीने तसं काही नसतं, कारण पावसाला दृष्टीच नाही. ज्या गोष्टीबद्दल 'हिचं चुकलं' असं तिच्याच बाजूने म्हणता येतं, तिथे 'साठी' आहे. दगड चुकत नाही. एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे आपला नेहमीचा ई. कोलाय, चुकतो. आणि त्याला चुकवूनही दाखवता येतं.

ई. कोलायची पेशी म्हणजे साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि १ मायक्रोमीटरहून थोडी कमी जाड अशी कॅप्सूल. अंगावर इकडेतिकडे उगवलेल्या चारेक कशाभिका, म्हणजे पोहण्याचे धागे, प्रत्येकी १० मायक्रोमीटरच्या आसपास लांब, म्हणजे शरीराच्या पाचपट. या कशाभिका चाबकासारख्या हलतात असं खूप दिवस मानलं जाई. प्रत्यक्षात त्या ताठ, मळसूत्री असतात आणि बुडाशी बसवलेल्या मोटरने गरगर फिरतात. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ साली हे मांडलं. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी कशाभिकेचं टोक काचेला चिकटवून टाकलं, तर पेशीच उलटी गरागरा फिरताना दिसली. मोटरचा व्यास सुमारे ४५ नॅनोमीटर, वेग पोहताना सेकंदाला शंभरएक फेरे, इंधन म्हणजे पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनचा प्रवाह. एका फेऱ्याला हजारावर प्रोटॉन खर्ची पडतात.

पेशीच्या मागून बघितलं आणि मोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असली, तर सगळ्या कशाभिका एकत्र येऊन त्यांची एक वेणी होते आणि पेशी सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर वेगाने सरळ पुढे जाते. एक जरी मोटर घड्याळाच्या दिशेने उलटली तरी वेणी सुटते, पेशी जागच्या जागी गडबडते आणि थांबते. मोटर पुन्हा मूळ दिशेला आली की वेणी बांधली जाते, पण तोंड आता भलतीकडेच असतं. सरळ धाव आणि गडबड, धाव आणि गडबड. बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ साली एकाच पेशीचा त्रिमितीत पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून मोजलं: धाव सरासरी ०.८६ सेकंद, गडबड ०.१४ सेकंद, आणि प्रत्येक गडबडीनंतर दिशेत सरासरी ६८ अंशांचा फरक. याला सुकाणू नाही. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, असं काही त्याला करताच येत नाही.

वळण्याची सोय का नाही, हे कळायला त्याच्या आकाराचं पाणी डोळ्यांपुढे आणावं लागेल. एवढ्याशा जिवाला पाणी काकवीसारखं नव्हे, त्याहूनही घट्ट लागतं. मोटर बंद पडली तर तो हायड्रोजन अणूच्या रुंदीच्या दशांशाइतकंच अंतर पुढे सरकतो आणि खिळतो. शिवाय पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देतात. दिशा धरून पोहायचं म्हटलं तरी दहाएक सेकंदांत या धक्क्यांनी तो नव्वद अंश भरकटतो. म्हणजे दहा सेकंदांपूर्वी ठरवलेली दिशा आता निरर्थक झालेली असते. त्याला जे काही ठरवायचं ते काही सेकंदांतच ठरवावं लागतं.

तरीही हा जीव अन्नाकडे पोहोचतो. अस्पार्टेट हे एक ॲमिनो आम्ल काचेच्या केशनळीत भरा, ती नळी जिवाणूंच्या द्रावात बुडवा, तासाभराने आतले जिवाणू मोजा. साध्या पाण्याच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म फेफर यांनी हा प्रकार पहिल्यांदा केला. १९६० च्या दशकात ज्युलियस ॲडलर यांनी तो मोजमापाच्या पातळीवर आणला. या वर्तनाचं नाव कीमोटॅक्सिस, मराठीत रसायनानुचलन.

सुकाणू नसताना हे जमतं कसं? तोंडाकडे जास्त आहे की शेपटाकडे, हे तो ताडून बघत असेल, असं पहिल्यांदा सुचतं. जरा हिशेब करू. समजा, अस्पार्टेट १ मायक्रोमोलर आहे. म्हणजे एका घन मायक्रोमीटरमध्ये साधारण ६०० रेणू. रेणू सतत ये-जा करतात, त्यामुळे कोणत्याही क्षणी मोजलेला आकडा वर्गमुळाइतका, म्हणजे २५ ने, मागेपुढे होतो. ही चूक झाली ४ टक्के. आता १ मिलिमीटर अंतरात प्रमाण दुप्पट होतंय असं धरू. २ मायक्रोमीटर लांब शरीराच्या दोन टोकांमध्ये फरक पडेल फक्त ०.२ टक्के. ४ टक्क्यांच्या गोंगाटात ०.२ टक्के शोधायचे आहेत. बराच वेळ मोजून सरासरी काढली तर ते कसंबसं जमेल. त्यापेक्षा एक सेकंद पोहा. २० मायक्रोमीटर पुढे गेल्यावर फरक होतो २ टक्के, दहापट. तेवढ्या वेळात आसपासचे रेणूही हजारदा बदललेले असतात, म्हणजे हजार वेगळी मोजमापं हाताशी येतात आणि गोंगाट तिसाव्या भागावर येतो. दोन जागांची तुलना करण्यापेक्षा दोन वेळांची तुलना करणं असं फायद्याचं ठरतं.

पण दोन वेळांची तुलना करायची तर आधीचं लक्षात ठेवायला हवं. जिवाणूला मेंदू तर सोडाच, एक चेतापेशीही नाही. रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलँड यांनी १९७२ साली याचा निकाल लावला. त्यांनी साल्मोनेला या ई. कोलायच्या नात्यातल्या जातीचे जिवाणू घेतले आणि सेरीन या ॲमिनो आम्लाचं प्रमाण एका झटक्यात सगळीकडे सारखंच वाढवलं. आता कुठेही उतार नाही, पुढे-मागे सगळं एकसारखं. दोन टोकांची तुलना करणारा जीव इथे काहीच वेगळं करणार नाही. जिवाणूंनी मात्र गडबडणंच सोडून दिलं आणि बराच वेळ सरळ पोहत राहिले. 'मघापेक्षा आता जास्त आहे' एवढंच त्यांना कळलं होतं, आणि त्यावरून आपण बरोबर दिशेने चाललोय असा अंदाज त्यांनी बांधला. तो अंदाज साफ चुकीचा होता. आपल्या कसोटीला उतरणारी ही पहिली चूक.

आता आतली यंत्रणा, आणि इथे जरा सावकाश चालू. तिच्यातल्या प्रथिनांची नावं कीमोटॅक्सिसमधल्या 'की'ला इंग्रजी अक्षर जोडून ठेवलेली आहेत: की-ए, की-बी, की-आर, की-वाय, की-झेड.

पेशीच्या टोकाला हजारो रिसेप्टर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी जाळीत बसलेले असतात. त्यांचं एक तोंड बाहेर असतं, जिथे अस्पार्टेट येऊन बसतं. दुसरं टोक आत, आणि त्याला की-ए चिकटलेलं. बाहेर काही बसलेलं नसलं तर रिसेप्टर 'चालू' असतो आणि की-ए कामाला लागतं. त्याचं काम एकच, की-वाय या छोट्या प्रथिनाला फॉस्फेट लावणं. फॉस्फेट लागलेलं की-वाय पेशीभर तरंगत मोटरपर्यंत पोहोचतं, तिला चिकटतं आणि उलट फिरवतं. गडबड होते. की-झेड हे प्रथिन तो फॉस्फेट भराभर काढून टाकतं, म्हणून निरोप शिळा होऊन राहत नाही. बाहेर अस्पार्टेट बसलं की रिसेप्टर 'बंद' होतो, की-ए थंडावतं, फॉस्फेटवालं की-वाय कमी होतं, गडबड लांबणीवर पडते आणि धाव चालू राहते. मोटर या निरोपाबाबत कमालीची हळवी आहे. फॉस्फेटवाल्या की-वायचं प्रमाण ३ मायक्रोमोलरच्या आसपास असताना ते थोडंसं वरखाली झालं तरी मोटरचा कल पूर्ण पालटतो.

इतकंच असतं तर जिवाणू पहिल्याच अन्नाच्या डबक्यात बिघडला असता. अस्पार्टेट भरपूर, सगळे रिसेप्टर बंद, गडबड शून्य. तो सरळ पोहत डबक्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. त्याला 'किती आहे' हे कळून उपयोग नाही, 'वाढतंय का' हे कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक रिसेप्टरच्या आतल्या भागावर चार मुख्य जागा असतात, जिथे मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चढवता-उतरवता येतो. जितके मिथाइल चढतील तितका रिसेप्टर 'चालू'कडे झुकतो. म्हणजे अस्पार्टेट त्याला बंदकडे ओढतं, मिथाइल चालूकडे. मिथाइल चढवतं की-आर. उतरवतं की-बी. आणि या दोघांचा वेग मुद्दाम मंद आहे, काही सेकंदांचा. अस्पार्टेट बसल्याचा परिणाम क्षणात होतो, मिथाइलची भरपाई मागाहून येते. आत्ता बसलेलं अस्पार्टेट म्हणजे वर्तमान, चढलेले मिथाइल म्हणजे नुकताच गेलेला भूतकाळ, आणि दोघांची रस्सीखेच म्हणजे तुलना. स्टीव्हन ब्लॉक, जेफ्री सीगल आणि बर्ग यांच्या मोजमापांनुसार जिवाणू शेवटच्या एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या तीनएक सेकंदांशी करतो. दहा सेकंदांनी दिशाच भरकटणाऱ्या जिवाला याहून लांब आठवणीचा उपयोगही नसतो.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अजून पुढे आहे. प्रमाण वाढवून तिथेच ठेवलं तर काही वेळाने जिवाणू पुन्हा नेमका मूळ लयीत गडबडू लागतो. अस्पार्टेट दसपट असो की हजारपट. (सेरीनच्या बाबतीत हे परतणं एवढं अचूक नसतं.) इतकी अचूकता साधायला सगळ्या प्रथिनांचं प्रमाण काटेकोर जुळलेलं हवं असं वाटेल, आणि पेशीत तर ही प्रमाणं एकीपासून दुसरीत बरीच बदलतात. नामा बरकाई आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी १९९७ साली उत्तर सुचवलं. की-आर एका ठरावीक गतीने मिथाइल चढवत राहतं, ते आजूबाजूला बघत नाही. की-बी मात्र फक्त 'चालू' रिसेप्टरवरून मिथाइल उतरवतं. आता समतोल कधी साधेल? चढवण्याचा वेग आणि उतरवण्याचा वेग सारखा झाला की. चढवण्याचा वेग ठरलेला आहे. उतरवण्याचा वेग किती रिसेप्टर चालू आहेत त्यावर अवलंबून. म्हणजे समतोलाला चालू रिसेप्टरांची संख्या एकच असू शकते, आणि ती ठरवणाऱ्या समीकरणात अस्पार्टेट कुठेही येत नाही. बाहेर कितीही असो, गाडी त्याच आकड्यावर येऊन थांबणार. दोनच वर्षांनी उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी की-आरचं प्रमाण कित्येक पट बदलून पाहिलं. परतायला लागणारा वेळ बदलला, गडबडण्याची मूळ लयही बदलली, पण परतण्याची अचूकता टिकून राहिली. अभियंते याला इंटिग्रल फीडबॅक म्हणतात. विमानातला ऑटोपायलट वाऱ्याची पर्वा न करता ठरलेली उंची धरून ठेवतो त्यामागचं तत्त्व हेच.

एखादा भाग काढून टाकला की काय होतं यावरून यंत्रणा जास्त उमगते. की-वाय किंवा की-ए नसलेला जिवाणू कधीच गडबडत नाही, सरळ पोहत राहतो. की-झेड नसलेला सतत गडबडतो, कारण निरोप पुसलाच जात नाही. की-आर नसलेला सरळ पोहतो, की-बी नसलेला गडबडतो. यातल्या एकाचंही पोहण्याचं इंजिन बिघडलेलं नाही. मोटर ठणठणीत, प्रोटॉन वाहतायत, कशाभिका फिरतायत. तरी यातलं कुणीच अन्नाकडे जाऊ शकत नाही. हालचाल सगळी शिल्लक आहे आणि 'साठी' तेवढं गेलंय. 'साठी' हे या पाच-सहा प्रथिनांच्या जोडणीत होतं, त्यातल्या एकाही प्रथिनात एकट्याने नव्हतं.

मग अस्पार्टेटचा 'अर्थ' कुठे आहे? रेणूत शोधून सापडणार नाही. त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनपलीकडे काही नाही. ॲडलर यांनी १९६९ साली दाखवलेली गोष्ट इथे निर्णायक आहे. गॅलॅक्टोज ही साखर पचवण्याची क्षमताच गमावलेले जिवाणूही गॅलॅक्टोजकडे पोहत जातात. आणि डी-फ्युकोज ही गॅलॅक्टोजसारखी दिसणारी, पण ई. कोलायला ऊर्जा न देणारी साखर ठेवली तर तिच्याकडेही जातात. म्हणजे पोट भरलं म्हणून ते येत नाहीत. रिसेप्टरवर जे बसतं ते त्यांच्या लेखी 'इकडे अन्न आहे' असं सांगतं, आणि फ्युकोजच्या बाबतीत हे खोटं असतं. खोटं असू शकतं म्हणूनच ते सांगणं आहे. नदीला उतार खोटं सांगू शकत नाही.

अर्थ वाचणाऱ्यावर ठरतो याचा आणखी जवळचा दाखला आपल्याच पेशीत आहे. यूजीए ही आरएनएवरची तीन अक्षरं आपल्या केंद्रकातून आलेल्या निरोपात 'थांब' असं सांगतात. त्याच पेशीतल्या मायटोकाँड्रियात तीच तीन अक्षरं 'ट्रिप्टोफॅन (एक ॲमिनो आम्ल) जोड' असं सांगतात. रेणू तेच, भिंतीपलीकडचा वाचक वेगळा.

ही सगळी रचना कुणी केली, हा प्रश्न आता उरतोच. त्याचं उत्तरही याच जिवाणूवर मिळालंय. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली ई. कोलायच्या अनेक वेगवेगळ्या नळ्यांतल्या वाढींवर विषाणू सोडले आणि प्रत्येकीतून किती जिवाणू वाचले ते मोजलं. विषाणू आल्यावर, त्याला तोंड देण्यासाठी प्रतिकार निर्माण होत असता तर सगळ्या नळ्यांत जवळपास सारखेच आकडे आले असते. आले ते अगदी विषम: बऱ्याच नळ्यांत एखाददुसरा किंवा एकही नाही, काहींत शेकड्याने. म्हणजे बदल आधीच, कुठल्याही गरजेविना, केव्हातरी घडून गेले होते. बदल 'साठी' होत नाहीत. पण ज्या बदलाने पेशीला अन्न जास्त सापडलं त्याच्या प्रती वाढल्या. अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि जीवसृष्टीला ३५० कोटी वर्षं तरी मिळालेली आहेत. कॉलिन पिटेंड्री यांनी १९५८ साली यासाठी 'टेलिओनॉमी' हा शब्द सुचवला: आधीच्या कुणाच्या इराद्याशिवाय आलेली, पण खरीखुरी, कशाकडे तरी रोखलेली रचना. मराठीत 'हेतुवत्ता' म्हणता येईल.

याला ऊर्जा लागते, आणि ती फुकट येत नाही. सूर्याकडून पृथ्वीवर आलेल्या दर एका फोटॉनमागे पृथ्वी साधारण वीस थंड, अवरक्त फोटॉन अवकाशात परत टाकते. आली तेवढीच ऊर्जा जाते, फक्त विस्कटून जाते, आणि त्या विस्कटण्याच्या वाटेवर झाडं, जिवाणू आणि आपण उभे आहोत. मिथाइलची प्रत्येक उलटापालट, फॉस्फेटची प्रत्येक देवघेव याच खर्चातून चालते. ऊर्जा थांबली की आठवण पुसते आणि अस्पार्टेट पुन्हा नुसता रेणू होतो. म्हणून अर्थ नश्वर असतो, स्थानिक असतो, हे खरंच आहे. पण त्यावरून तो खोटा आहे असं ठरत नाही. सूर्य विझेल तेव्हा जिवाणूच्या अन्नाचा प्रश्नही विझेल. आज दुपारी तो आतड्यात पूर्ण खरा आहे.

माणसाचं आयुष्य म्हणजे मोठ्या आकाराचं रसायनानुचलन, असं मी म्हणत नाही. ई. कोलायला भाषा नाही, भविष्याचं चित्र नाही, दुसऱ्या पेशीबद्दल आस्था नाही. त्याला आपलं ध्येय बदलायचं ठरवता येत नाही, आपल्याला येतं. मुद्दा तेवढ्यापुरताच आहे की 'साठी' निर्माण व्हायला विश्वाच्या सहीची गरज पडत नाही. ती जिवाणूलाही पडली नाही, तर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा पोराला गणित शिकवणाऱ्या बापाला का पडावी? त्यांच्या कामाला चुकण्या-साधण्याचा निकष आहे, तो त्यांच्या आणि पेशंटच्या, बापाच्या आणि पोराच्या मध्ये आहे, आकाशगंगेत नाही.

इथे एक सावधगिरी. २०१९ साली अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६,९८५ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगण्याला हेतू आहे असं ज्यांना सर्वांत कमी वाटत होतं त्यांच्यात नंतरच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून 'हेतू शोधा, आयुष्य वाढवा' अशा जाहिराती करणं हा वेगळ्या वेष्टनातला तोच गंडा-दोरा आहे. आजाराने खचलेल्या माणसाला हेतू हरवल्यासारखा वाटणं स्वाभाविक असतं, आणि संशोधकांनी आजार हिशेबात धरले तरी अशा निरीक्षणातून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पक्कं ठरत नाही. आणि ज्याला महिनोन्‌महिने कशातच अर्थ वाटेनासा झालाय त्याला तत्त्वज्ञानाआधी डॉक्टरची गरज असू शकते; तो नैराश्य नावाचा उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो.

यातलं बरंचसं सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी बघता येतं, सूक्ष्मदर्शकाशिवाय. के-१२ जातीचा निरुपद्रवी, पोहणारा ई. कोलाय घ्यावा, घरी करू नये. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रिप्टोन (ॲमिनो आम्लं पुरवणारी, प्रथिनांपासून केलेली पूड), ५ ग्रॅम मीठ आणि फक्त २.५ ग्रॅम अगार (जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ). नेहमीच्या प्लेटला १५ ग्रॅम घालतात. तेवढं घातलं तर जाळी इतकी दाट होते की जिवाणूंना पोहताच येत नाही आणि प्रयोग तिथेच संपतो. १२१ अंशांवर निर्जंतुक करून, कोमट झाल्यावर ९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर ओतावं आणि सपाट जागी तासभर हलवू नये. हे अगार दह्यासारखं मऊ असतं, त्यामुळे प्लेट सवयीने उलटी ठेवली की सगळं झाकणावर येतं. मधोमध अगाराच्या आत २ ते ५ मायक्रोलिटर ताजी वाढ टोचावी, प्लेट ओल्या कापसाच्या डब्यात ३० अंशांवर ठेवावी आणि आठ-दहा तासांनी बघावी. ३७ अंशांवर ठेवलं तर कशाभिका कमी बनतात. माध्यमात ग्लुकोज घातलं तरीही बनत नाहीत: पोट भरलेला ई. कोलाय शोधाचं सामान बांधायलाच घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यासाठी पन्नासएक जनुकं राबवावी लागतात.

सगळं नीट जमलं तर एकात एक पांढुरकी वलयं दिसतात. बाहेरचं वलय सेरीन खाऊन संपवत पुढे सरकणाऱ्यांचं, आतलं अस्पार्टेटच्या मागे असलेल्यांचं. उतार कुणी आखून दिलेला नसतो; मागचं खाऊन संपवल्यामुळे तो त्यांनी स्वतःच तयार केलेला असतो. शेजारी दुसऱ्या प्लेटवर की-वाय नसलेला जिवाणू टोचावा. तो कधीच गडबडत नाही, सतत पूर्ण वेगाने सरळ पोहतो, म्हणून तोच सगळ्यांत लांब जाईल अशी बहुतेक विद्यार्थ्यांची पैज असते. सकाळी त्याचा मधोमध एक छोटासा ठिपका दिसतो. अगाराच्या जाळीतल्या पहिल्याच बंद बोळात तो शिरतो, भिंतीला नाक लावून मोटर फिरवत राहतो, आणि मागे फिरायला लागणारी गडबड त्याच्याकडे नसते.